‘सिनेमा १६’ : काय दाखवायचे आणि कशाच्या शेजारी

‘सिनेमा १६’ ही न्यूयॉर्क शहरातली एक फिल्म सोसायटी होती. ॲमॉस आणि मार्शा व्होगल या दांपत्याने १९४७च्या नोव्हेंबरात ती सुरू केली आणि १९६३मध्ये बंद केली. व्यापारी चित्रपटगृहांत ज्यांना थारा नव्हता असे प्रायोगिक लघुपट, शास्त्रीय अभ्यासासाठी काढलेल्या फिल्म्स, अनुबोधपट, परदेशी कथापट आणि परवाना नाकारलेले चित्रपट तिने या सोळा वर्षांत नियमाने दाखवले. ऐन भरात तिची सभासदसंख्या सात हजारांच्या घरात होती. प्रायोगिक चित्रपटाला प्रेक्षक नसतो, असलाच तर मूठभर, हा समज तिने एका शहरापुरता तरी खोटा ठरवला. तोही लोकांच्या आवडीला शरण न जाता ठरवला, म्हणून तिचा इतिहास तपशिलात पाहण्याजोगा आहे. चांगला चित्रपट मिळवायचा आणि दाखवायचा, एवढे काम बहुतेक सोसायट्या करत आल्या. व्होगल यांनी त्यापुढची पायरी गाठली. एका संध्याकाळी कोणते चार-पाच चित्रपट एकत्र आणायचे आणि कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचे, याचा विचार त्यांनी एखादा संकलक दृश्यांचा करतो तितक्या काटेकोरपणे केला.

या कामाला पूर्वपरंपरा होती. पॅरिसमध्ये १९२०च्या दशकात सिने-क्लब निघाले होते. लंडनमध्ये १९२५ साली आयव्हर मोंटेग्यू, आयरिस बॅरी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी ‘फिल्म सोसायटी’ स्थापन केली. ब्रिटनमध्ये जाहीर प्रदर्शनाची परवानगी नसलेला आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’ या सोसायटीने १९२९च्या नोव्हेंबरात आपल्या सभासदांना दाखवला, आणि त्याच खेळात जॉन ग्रिअर्सनचा ‘ड्रिफ्टर्स’ दाखवला. हेरिंग माशांच्या मागे जाणाऱ्या ब्रिटिश कोळ्यांवरचा हा अनुबोधपट. बंडखोर रशियन खलाशी आणि राबणारे ब्रिटिश कोळी एकाच पडद्यावर लागोपाठ आले, आणि ब्रिटिश अनुबोधपटाच्या चळवळीची सुरुवात त्या संध्याकाळपासून मोजली जाऊ लागली. आयरिस बॅरी पुढे अमेरिकेत गेल्या. १९३५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये चित्रपटांचा संग्रह सुरू झाला, त्याची सूत्रे त्यांच्याकडे होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रँक स्टॉफाकर यांनी १९४६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कलासंग्रहालयात ‘आर्ट इन सिनेमा’ ही मालिका चालू केली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत माया डेरेन यांनी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातले प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस हे छोटे नाट्यगृह भाड्याने घेतले आणि स्वतःचे तीन चित्रपट तिथे दाखवले. युजीन ओनील यांची सुरुवातीची नाटके ज्या रंगमंचाने उभी केली, तोच हा रंगमंच. एकटी कलावंत, वितरकाशिवाय, नाट्यगृह घेऊन प्रायोगिक चित्रपटाचा खेळ लावते आणि तिथे गर्दी होते, हे व्होगल दांपत्याने पाहिले होते. वर्ष उलटल्यावर त्यांनीही तेच नाट्यगृह घेतले.

ॲमॉस व्होगल मूळचे व्हिएन्नाचे, एका ज्यू कुटुंबातले. जन्म १९२१चा. कुमारवयातच ते तिथल्या फिल्म सोसायटीत जात असत. टपाल वाहून नेणाऱ्या रात्रीच्या रेल्वेगाडीवरचा ‘नाइट मेल’ हा ब्रिटिश अनुबोधपट त्यांनी तिथे पाहिला आणि रोजच्या कामातून कविता कशी उभी राहते याचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा उमटला. मार्च १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्याच वर्षी कुटुंबाला देश सोडावा लागला आणि क्यूबामार्गे ते अमेरिकेत पोहोचले. पॅलेस्टाइनमधल्या सामुदायिक शेतीवर जाऊन राहायचे, असा तरुण व्होगल यांचा बेत होता आणि त्यासाठी त्यांनी शेतीचे शिक्षणही घेतले. पण तो बेत मागे पडला. न्यूयॉर्कमध्ये शिकता शिकता त्यांच्या ध्यानात आले की ज्या चित्रपटांविषयी छापून येते ते पाहायला कुठेच मिळत नाहीत. ते विद्यापीठांच्या, शिक्षणखात्यांच्या आणि वितरकांच्या कपाटांत पडून असतात. ‘सिनेमा १६’ या गरजेतून निघाली. ज्या राजवटीने घरदार सोडायला लावले तिने चित्रपट हे हत्यार म्हणून वापरले होते. काय दाखवावे आणि काय दाखवू नये हे सत्तेने ठरवायचे नाही, ही व्होगल यांची आयुष्यभराची भूमिका त्या अनुभवातून आली होती.

संस्थेचे नाव फिल्मच्या रुंदीवरून पडले. चित्रपटगृहांत ३५ मिलिमीटरची फिल्म चाले. तिचा नायट्रेटचा पाया अतिशय ज्वालाग्राही असल्याने अग्निरोधक प्रोजेक्शन-खोली लागे. कोडॅक कंपनीने १९२३ साली हौशी लोकांसाठी १६ मिलिमीटरची फिल्म बाजारात आणली. तिचा पाया भडका न उडणाऱ्या ॲसिटेटचा होता, त्यामुळे शाळेचा वर्ग, ग्रंथालय, देवळाचा सभामंडप, कुठेही पडदा लावून खेळ करता येई. सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने या फिल्मचे ३६ फूट मिनिटाला सरकतात. ४०० फुटांचे एक रीळ, म्हणजे साधारण अकरा मिनिटे. लघुपटांची लांबी पुष्कळदा अशी रिळाच्या मापाने ठरली आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी १६ मिलिमीटरचा प्रचंड वापर झाला आणि युद्ध संपल्यावर ती यंत्रे नागरी जीवनात आली. ज्यांना स्टुडिओ परवडत नव्हता त्यांना चित्रपट काढता येऊ लागला आणि ज्यांच्याकडे चित्रपटगृह नव्हते त्यांना दाखवता येऊ लागला.

पहिला कार्यक्रम पाच लघुपटांचा होता. ‘लॅमेंटेशन’मध्ये मार्था ग्रॅहम ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या नळीत स्वतःला गुंडाळून बाकावर बसतात आणि शोकाचे नृत्य करतात. पाय जवळजवळ जागचे हलत नाहीत, कापडाच्या चुण्या मात्र सतत ताणत आणि मोडत राहतात. ‘मंकी इंटू मॅन’ हा जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ली यांच्याशी निगडित ब्रिटिश चित्रपट माकडांच्या आणि वानरांच्या वर्तनाचा. ‘द पॉटेड साम’ हा सिडनी पीटरसन आणि जेम्स ब्रॉटन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत केलेला, कथेचा धागा मुद्दाम तोडून टाकलेला अतिवास्तववादी चित्रपट. डग्लस क्रॉकवेल यांच्या ‘ग्लेन्स फॉल्स सीक्वेन्स’मध्ये काचेवर रंगवलेले आकार वितळत, फुगत, एकमेकांना गिळत जातात. फिलिप स्टॅप यांचा ‘बाउंड्री लाइन्स’ हा माणसामाणसांतल्या भेदांवरचा रेखाचित्रपट. त्यातली एक साधी रेघच भिंत होते, शस्त्र होते.

पाच चित्रपट पाच जातींचे. पण एकत्र पाहिले की त्यांच्यात बोलणे सुरू होते. वानराच्या हातांकडे आणि अंगविक्षेपांकडे बारकाईने पाहून झालेली नजर ग्रॅहम यांच्या शरीराकडे वेगळ्या तऱ्हेने पाहते. क्रॉकवेलचे निराकार आकार पाहून झाले की स्टॅपच्या उपदेशपर चित्रपटातली रेघ आधी रेघ म्हणून दिसते, मग उपदेश कळतो. आणि पीटरसन-ब्रॉटन यांचा चक्रावून टाकणारा चित्रपट एकटा लागला असता तर निम्मे लोक उठून गेले असते. इथे तो इतर चौघांच्या सोबतीने पचतो. शास्त्रीय फिल्म म्हणजे माहिती आणि प्रायोगिक फिल्म म्हणजे कला, ही वाटणी व्होगल यांना मान्य नव्हती. त्यांच्या मते दोन्ही फिल्म्स न पाहिलेले जग दाखवतात. सूक्ष्मदर्शकाखालचे दृश्य आणि अमूर्त चित्रपट शेजारी ठेवले की प्रेक्षकाच्या डोक्यातल्या कप्प्यांच्या भिंती हलतात. सोळा वर्षे त्यांनी हेच सूत्र चालवले.

पहिल्या कार्यक्रमाला गर्दी लोटली आणि त्याचे खेळ वाढवावे लागले. त्या यशाच्या जोरावर पुढच्या कार्यक्रमाची मोठी जाहिरात केली गेली आणि नेमका त्याच वेळी न्यूयॉर्कवर बर्फाचे वादळ कोसळले. नाट्यगृह ओस पडले आणि होती नव्हती ती पुंजी त्यात बुडाली. सुट्या तिकिटांवर चालणारी मालिका एका वादळात मरू शकते, हे दांपत्याला पहिल्याच हंगामात कळले.

दुसरी अडचण सेन्सॉरची. न्यूयॉर्क राज्यात प्रत्येक जाहीर खेळासाठी राज्याच्या शिक्षणखात्याचा परवाना घ्यावा लागे आणि दर चित्रपटामागे शुल्क भरावे लागे. मोठ्या कंपनीला हा खर्च जाणवत नसे. दहा-दहा मिनिटांचे पाच लघुपट दाखवणाऱ्याला तो कंबर मोडणारा होता. शिवाय निर्णय कशाच्या आधारे होईल याचा भरवसा नव्हता. अलेक्झांडर हॅमिड आणि माया डेरेन यांनी आपल्या घरातल्या मांजरांवर ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ अ कॅट’ नावाचा शांत, निवेदनाशिवायचा चित्रपट केला होता. बोका आणि मांजरी जवळ येतात, मांजरी कोनाडा शोधते, पिल्ले जन्मतात, आंधळी पिल्ले आईला शोधतात, मोठी होतात. कॅमेरा मांजरांच्या उंचीवर, जमिनीलगत. या चित्रपटाला परवाना नाकारण्यात आला. कारण काय, तर त्यातला प्रसूतीचा प्रसंग. कोणत्याही खेड्यातल्या मुलाने गोठ्यात पाहिलेली गोष्ट न्यूयॉर्कमधल्या प्रौढ माणसांनी पडद्यावर पाहणे अश्लील ठरले.

दोन्ही अडचणींवर एकच तोडगा निघाला. सुटी तिकिटे बंद करून ‘सिनेमा १६’ सभासदांची, नफा न कमावणारी संस्था झाली. खासगी मंडळाच्या खेळांना परवान्याची अट लागू नव्हती, त्यामुळे सेन्सॉर बाजूला झाला. आणि वर्षाची वर्गणी आगाऊ हातात आल्याने वादळाची भीती गेली. या व्यवस्थेचा तिसरा आणि खरा मोठा फायदा मात्र निवडीचा होता. सुटे तिकीट घेणारा माणूस त्या संध्याकाळचा चित्रपट विकत घेतो. सभासद वर्षभराचा विश्वास आगाऊ देतो. त्यामुळे लोकांना माहीत नसलेला, आवडणार नाही असा, भांडणे लावणारा चित्रपट हंगामाच्या मध्यावर ठेवता येतो आणि गल्ल्यावर त्याचा परिणाम होत नाही. व्होगल यांनी या सवलतीचा पुरेपूर वापर केला. प्रेक्षकांनी हुर्यो केली तरी त्यांना ती टाळ्यांइतकीच मोलाची वाटे. सगळ्यांना आवडेल एवढेच दाखवायचे असेल तर त्यासाठी ब्रॉडवेवर चित्रपटगृहे होतीच.

सभासद वाढले तसे प्लेहाउस अपुरे पडले. संस्थेचे मोठे घर ठरले ते मॅनहॅटनमधल्या सेंट्रल हायस्कूल ऑफ नीडल ट्रेड्स या शिवणकाम आणि कपडे-व्यवसाय शिकवणाऱ्या शाळेचे सभागृह. आसने सुमारे १६००. भिंतींवर अर्नेस्ट फीन यांनी रंगवलेली, शिलाई कामगारांच्या आयुष्याची आणि लढ्यांची प्रचंड भित्तिचित्रे. कार्यक्रमांना इथे एकाच संध्याकाळी दोन-दोन खेळ लावावे लागत. प्रायोगिक चित्रपट कुठे पाहिला जावा याविषयीच्या नाजूक कल्पनांना हे सभागृह छेद देते. गालिचे, कॉफी आणि निवडक निमंत्रित यांच्याऐवजी इथे कामगारवर्गाची शाळा होती, आणि आत लेखक, चित्रकार, शिक्षक, कारकून, विद्यार्थी शेजारी शेजारी बसत.

प्रत्येक कार्यक्रमाबरोबर छापील टिपणे असत. चित्रपट कुणी, कधी, कसा केला, त्यात काय पाहण्यासारखे आहे, कुठे वाद होऊ शकतो, एवढे त्यात असे. मात्र चित्रपटाचा अर्थ तिथे सांगून टाकलेला नसे. ही सीमारेषा सांभाळणे कठीण आहे. फिल्म सोसायट्यांची टिपणे एक तर वितरकाच्या जाहिरातीची नक्कल असतात किंवा दिग्दर्शकाची आरती. ‘सिनेमा १६’ची टिपणे आज अभ्याससामग्री म्हणून वाचली जातात ती या संयमामुळे. स्कॉट मॅक्डॉनल्ड यांनी संस्थेच्या इतिहासावर २००२ साली जाडजूड ग्रंथ केला, तो मुख्यतः अशा कागदपत्रांवर उभा आहे.

दाखवलेल्या चित्रपटांची यादी फार मोठी आहे. केनेथ अँगर यांचा ‘फायरवर्क्स’, नॉर्मन मॅक्लॅरन यांचे ॲनिमेशनपट, ग्रेगरी मार्कोपोलस, विलर्ड मास, स्टॅन ब्रॅकेज आणि शर्ली क्लार्क यांचे काम. परदेशी दिग्दर्शकांपैकी ब्रेसाँ, ओझू, रिवेत, ओशिमा आणि तेव्हा विद्यार्थिदशेत असलेले पोलान्स्की यांचे चित्रपट अमेरिकन प्रेक्षकांपर्यंत फार लवकर पोहोचवणाऱ्यांत ही संस्था होती. दोन निवडींवर मात्र थोडे थांबले पाहिजे. एक, जॉर्ज फ्रांज्यू यांचा ‘ब्लड ऑफ द बीस्ट्स’. पॅरिसच्या उपनगरातले कत्तलखाने, पांढऱ्या घोड्याचा वध, वाफाळते रक्त, आणि मधूनच कालव्याकाठची अत्यंत सुंदर, शांत दृश्ये. कसाई कामे करता करता गाणी गुणगुणतात. हा चित्रपट पाहणे कुणालाच सोपे गेले नसणार. दुसरी निवड आणखी अवघड. नाझींनी १९४० साली काढलेला ‘द इटर्नल ज्यू’ हा ज्यूद्वेष पसरवणारा प्रचारपट व्होगल यांनी सभासदांना दाखवला. त्याच द्वेषामुळे देशोधडीला लागलेल्या माणसाने तो दाखवला, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे होते की विषाची ओळख व्हायची तर ते कसे बनवले आहे हे प्रौढ नागरिकांनी डोळ्यांनी पाहिले पाहिजे. या निर्णयावर आजही दोन मते होऊ शकतात. पण हा चित्रपट टिपणाशिवाय, चर्चेशिवाय दाखवणे आणि अशा मंडळात दाखवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

२८ ऑक्टोबर १९५३ रोजी संस्थेने ‘कविता आणि चित्रपट’ या विषयावर परिसंवाद ठेवला. व्यासपीठावर माया डेरेन, वेल्श कवी डिलन थॉमस, नाटककार आर्थर मिलर आणि समीक्षक पार्कर टायलर होते. सूत्रसंचालन विलर्ड मास यांच्याकडे. डेरेन यांनी एक मांडणी केली. नाटक आणि कथापट आडव्या दिशेने चालतात. एका घटनेतून दुसरी, दुसरीतून तिसरी. कविता उभ्या दिशेने जाते. एका क्षणापाशी थांबते आणि त्याच्या खोलीचा ठाव घेते. शेक्सपिअरच्या नाटकात घटना आडव्या सरकत असतात आणि स्वगत येते तेव्हा नाटक उभे खोल उतरते, असे उदाहरण त्यांनी दिले. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या माणसाला ही मांडणी चटकन उमगेल. बंदिशीच्या एका शब्दावर गायिका आलापात थांबते तेव्हा कविता पुढे सरकलेली नसते, तरी पुष्कळ काही घडलेले असते. न्यूयॉर्कच्या व्यासपीठावर मात्र या मांडणीची टर उडवली गेली. थॉमस यांनी आडव्या-उभ्यावरून विनोद केले, सभागृह हसले, मिलर यांनाही ही विभागणी पटली नाही. डेरेन नेटाने आपले म्हणणे समजावत राहिल्या. पुढच्या दोनच आठवड्यांत, ९ नोव्हेंबरला, थॉमस यांचा न्यूयॉर्कमध्येच मृत्यू झाला. त्या संध्याकाळचे विनोद आता केवळ आठवणींच्या पुस्तकांत उरले आहेत. डेरेन यांची उभी-आडवी मांडणी जगभरच्या चित्रपट-अभ्यासक्रमांत शिकवली जाते. परिसंवादाचे शब्दांकन जपले गेले म्हणून हे शक्य झाले. व्याख्यान आणि चर्चा यांची नोंद ठेवणे हे प्रदर्शनाइतकेच महत्त्वाचे काम आहे, हे फार थोड्या संस्था ओळखतात.

११ नोव्हेंबर १९५९चा कार्यक्रमही असाच गाजला. जॉन कॅसाव्हेट्स यांच्या ‘शॅडोज’ची नवी, पुन्हा चित्रित केलेली आवृत्ती आणि रॉबर्ट फ्रँक व आल्फ्रेड लेस्ली यांचा ‘पुल माय डेझी’ त्या दिवशी एकत्र दाखवले गेले. अमेरिकेतल्या स्वतंत्र कथापटाचा इतिहास लिहिणारे पुष्कळदा या जोडीपासून सुरुवात करतात. पण याच काळात संस्थेविरुद्ध नाराजीही साठत होती. ‘शॅडोज’च्या आधीच्या आवृत्तीचे समीक्षक जोनास मेकस हे कट्टर चाहते होते. नव्या आवृत्तीला त्यांनी कडाडून विरोध केला. त्याहून खोल मतभेद निवडीच्या अधिकारावरून झाला. स्टॅन ब्रॅकेज यांचा ‘ॲन्टिसिपेशन ऑफ द नाइट’ हा १९५८चा चित्रपट व्होगल यांनी नाकारला. त्यात माणूस म्हणजे फक्त एक सावली आणि बाकी सगळे हलणारे, उसळणारे प्रकाश. सभासदांना तो झेपणार नाही, असे व्होगल यांचे मत पडले. ब्रॅकेज आणि मेकस यांना हा विश्वासघात वाटला. १९६२ साली मेकस आदींच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये ‘फिल्ममेकर्स कोऑपरेटिव्ह’ ही सहकारी संस्था स्थापन झाली तेव्हा तिने उलट नियम केला. जो कलावंत प्रिंट आणून देईल त्याची प्रिंट वितरणात घ्यायची, निवड कुणीच करायची नाही.

या वादात दोन्ही बाजूंना बळ आहे, पण ते सारखे नाही. सहकारी संस्थेने असंख्य चित्रपट वाचवले, हे निर्विवाद. कलावंताच्या दृष्टीने तीच व्यवस्था न्याय्य होती. प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले तर व्होगल यांची व्यवस्था सरस ठरते, कारण जिला काही माहीत नाही अशा सभासद स्त्रीला शेकडो शीर्षकांची यादी उपयोगी पडत नाही. तिला कुणीतरी जबाबदारीने लावलेली एक संध्याकाळ लागते. ब्रॅकेज यांच्या बाबतीत व्होगल यांचा निर्णय चुकला. निवड करणाऱ्याच्या हातून असे होणारच. म्हणून निवड करूच नये, हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

१९६३ साली संस्था बंद पडली. सभागृहाचे भाडे, प्रिंट, छपाई, टपाल यांचा खर्च वाढत गेला होता आणि सारे वर्गणीवर चालले होते. परदेशी कथापट दाखवणारी छोटी चित्रपटगृहे शहरात वाढली होती. ब्रेसाँ किंवा बर्गमन पाहायला आता सभासद व्हावे लागत नव्हते. १९५२ साली रोझेलिनीच्या ‘द मिरॅकल’वरील खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले होते आणि राज्य-सेन्सॉरची पकड सैल होत चालली होती. संस्थेने ज्यासाठी झगडा केला ते अंशतः साध्य झाले आणि त्यानेच तिचा पाया खचला. व्होगल यांनी त्याच वर्षी रिचर्ड राउड यांच्यासह न्यूयॉर्क चित्रपट महोत्सव सुरू केला, १९६८पर्यंत तिथे काम केले, १९७४ साली ‘फिल्म ॲज अ सबव्हर्सिव्ह आर्ट’ हा ग्रंथ लिहिला आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दीर्घकाळ शिकवले. २०१२ साली वयाच्या ९१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारतातली फिल्म सोसायटी चळवळ ‘सिनेमा १६’च्या आगेमागेच जन्मली. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता, बन्सी चंद्रगुप्त आदींनी ५ ऑक्टोबर १९४७ रोजी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. न्यूयॉर्कच्या पहिल्या खेळाला अजून महिनाभर अवकाश होता. त्यांनी दाखवलेला पहिला चित्रपट ‘पोटेम्किन’. १९५९ साली कलकत्ता, दिल्ली, मुंबई, मद्रास, पाटणा आणि रूडकी इथल्या सोसायट्यांनी मिळून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया हा महासंघ उभा केला. राय अध्यक्ष झाले आणि चिटणीसपदाची जबाबदारी घेणाऱ्यांत विजया मुळे होत्या. मुंबईत जन्मलेल्या विजयाबाई लग्नानंतर पाटण्याला गेल्या, उच्च शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये लीड्सला गेल्या आणि तिथल्या फिल्म सोसायटीत त्यांना या कामाचा छंद लागला. परतल्यावर पाटण्यात आणि नंतर दिल्लीत त्यांनी सोसायट्या उभ्या करण्यात पुढाकार घेतला. त्यांचा ‘एक अनेक और एकता’ हा १९७४चा लघुपट घराघरात पोहोचला. त्यामागच्या बाईंचे फिल्म सोसायटीतले काम मराठी वाचकांना अजून पुरते ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

महाराष्ट्रात पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले. पी. के. नायर यांनी जमवलेल्या प्रिंटवर देशभरच्या सोसायट्या वाढल्या. मुंबईत १९६८ साली दिनकर गांगल, सुधीर नांदगावकर, वसंत साठे आदींनी प्रभात चित्र मंडळ स्थापन केले. त्याचे ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक मराठीत चित्रपटाविषयी गंभीर लिहिण्याची जागा ठरले. पुण्यात १९८५ साली आशय फिल्म क्लब निघाला. इथेही सभासदांपुरत्या खेळांना सेन्सॉरमधून सूट मिळाली आणि तिचा दुष्परिणामही झाला. न कापलेली दृश्ये पाहायला मिळतील म्हणून पुष्कळ जण सभासद झाले, आणि ती दृश्ये इतरत्र सहज मिळू लागताच गळले.

भारतीय सोसायट्यांची खरी उणीव मात्र निवडीच्या बाजूने होती. त्यांची मदार मुख्यतः परदेशी दूतावासांच्या प्रिंटवर होती. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, सोव्हिएत संघ, फ्रान्स, जर्मनी या देशांच्या चित्रपटांचा एक संच यायचा, शहरामागून शहर फिरायचा आणि परत जायचा. आयोजकाच्या हाती पुष्कळदा तारीख आणि सभागृह एवढेच उरे. काय दाखवायचे हे दिल्लीतल्या एखाद्या सांस्कृतिक विभागाने आधीच ठरवलेले असे आणि कशाच्या शेजारी दाखवायचे हा प्रश्न उद्भवतच नसे. या मार्गाने थोर चित्रपट आले, पिढ्या घडल्या, हे खरेच. पण ते बहुतेक कथापट होते.

त्याच काळात मुंबईत जे प्रयोग चालले होते त्यांना नियमित पडदा मिळाला नाही. चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून १९६९च्या सुमारास व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप ही प्रयोगशाळा उघडली. तिथे नलिनी मलानी यांनी सुरुवातीच्या फिल्म्स केल्या, आणि पदमसींनी ‘सिझिजी’ हा रेषांचा अमूर्त लघुपट केला, ज्याचे ॲनिमेशन राम मोहन यांचे होते. तय्यब मेहता यांचा ‘कूडल’ १९७०चा. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती ‘एक्सप्लोरर’सारखे भन्नाट लघुपट करत होते. पदमसींच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या दुसऱ्या फिल्मची एकमेव प्रिंट पुढे हरवली. चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, २०१६ साली, असीम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना बरोबर घेऊन त्या हरवलेल्या फिल्मवर त्याच नावाचा चित्रपट केला. ‘सिनेमा १६’ दाखवलेल्या लघुपटांच्या प्रिंट महाविद्यालयांना आणि इतर मंडळांना भाड्याने देत असे. त्यामुळे एका फिल्मच्या अनेक प्रती निघत आणि कुठेतरी एखादी टिकून राही. मुंबईत तशी व्यवस्था असती तर पदमसींची फिल्म कदाचित वाचली असती.

प्रायोगिक चित्रपटाला वाहिलेली निवड भारतात उशिरा आली. शाई हेरेडिया यांनी २००३ साली मुंबईत ‘एक्सपेरिमेंटा’ हा महोत्सव सुरू केला. नंतर तो बंगळूरला गेला. २०१२ साली फिल्म्स डिव्हिजनने मुंबईच्या पेडर रोडवरच्या आपल्या आवारात ‘एफडी झोन’ ही मालिका चालू केली. स्वतंत्र अनुबोधपटकार तिचे कार्यक्रम आखत. फिल्म्स डिव्हिजनच्या कपाटातले जुने लघुपट आणि आजच्या स्वतंत्र कलावंतांचे चित्रपट ते एका खेळात आणत, खेळानंतर चर्चा होई. एकेकाळी चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी जिचे लघुपट सक्तीने दाखवले जात आणि म्हणून जी कंटाळवाणी ठरली होती, त्या या संस्थेकडे पती आणि एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारख्यांचे किती धाडसी काम पडून होते, हे अनेक तरुण प्रेक्षकांनी या मालिकेत पहिल्यांदा पाहिले. प्रवेश विनामूल्य होता. न्यूयॉर्कमध्ये सभासदांच्या आगाऊ वर्गणीने दिलेली मोकळीक इथे सरकारी तिजोरीतून आली, आणि मालिकेचे भवितव्यही त्याच तिजोरीशी बांधले गेले.